'स्किल्ड' ठरवतं कोण?

कॉलेजात 'स्किल' म्हणजे सीव्हीत भरायची गोष्ट. कम्युनिकेशन, एक्सेल, टीमवर्क, झालं! वाळूज एमआयडीसीत मात्र हाच शब्द पगाराचा खाना आहे. 1948च्या किमान वेतन कायद्याखाली निघालेल्या अधिसूचनांनी अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी दरांची उतरंड लावली. शॉपफ्लोअरवर तीच अनस्किल्ड, सेमी-स्किल्ड, स्किल्ड.

गंमत म्हणजे 'कुशल'ची सरकारी व्याख्या तशी मोकळी आहे. कौशल्य प्रशिक्षणातून आलेलं चालतं, तसंच कामाच्या अनुभवातून आलेलंही. म्हणजे पाच वर्षं सीएनसी मशीनवर अचूक जॉब काढणारा पोरगा आयटीआय न करताही कुशल ठरू शकतो. पण अनुभवाचा कागद देणार कोण? कामगार कंत्राटी असेल आणि कंत्राटदार बदलला, तर नवं गेटपास, नवी नोंद, आणि पुन्हा 'हेल्पर'. हात तेच, खाना खालचा.

सरकारही कागदच बघतं. 2024च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत विद्यावेतन ठरलं ते शिक्षणावर: बारावीला 6 हजार, आयटीआय-पदविकेला 8, पदवीला 10 हजार. काम किती येतं, हा प्रश्नच नाही.

'स्किल' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या 'स्किल'वरून आला. तिथे त्याचा अर्थ भेद, फरक ओळखणं. वाळूजमध्ये तो भेद करतोय खरा, पण माणसामाणसांत.

उद्या ऑफर लेटर आलं तर आकड्याआधी तो खाना वाचा. आणि नोकरी सोडताना अनुभवपत्रावर 'हेल्पर' नको, कुठलं मशीन चालवलं ते लिहून मागा.