हरलेला डाव पुन्हा मांडावा

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. घरातील दिवे मालवलेले असतात आणि दिवसभर कचेरीत राबून आलेला गृहस्थ ‘हा शेवटचाच’ म्हणत मोबाइलच्या पडद्यावर प्यादे सरकवतो. तीन मिनिटांचा तो डाव हरला की लगेच दुसरा, तोही हरला की तिसरा. मध्यरात्र उलटते, पण ‘शेवटचा’ डाव काही संपत नाही. ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या हौशी खेळाडूचे हे चित्र आज अनेक घरांत दिसते.

बुद्धिबळाची ही आवड स्वागतार्हच आहे. 2024 साली बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी सुवर्णपदक पटकावले. त्याच वर्षी अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. असा काळ आल्यावर पट मांडण्याची ऊर्मी दाटून येणे स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो खेळण्याच्या रीतीचा.

या हौशी खेळाडूचा वजीर तिसऱ्या चालीतच बाहेर पडतो. चार चालींत मात देण्याचा तो जुनाच सापळा! नवख्यावर तो चालतो. जाणकार मात्र घोडे-उंट बाहेर काढता काढता त्या वजिराला पळवत राहतो. इकडे राजाचा किल्लेकोट झालेला नसतो आणि मोहरी घरातच बसून असतात. प्रतिस्पर्ध्याने आत्ता केलेली चाल कशासाठी, हा पहिला प्रश्न विचारायलाही त्याला सवड नसते. डाव अखेरीस येतो तेव्हा घड्याळात दहा सेकंद उरलेले असतात. मग हत्ती-प्याद्यांची अखेर त्याने शिकायची तरी केव्हा?

त्याचे सारे लक्ष गुणांकनाकडे असते. पण जिंकले की गुण वाढतात आणि गुण वाढले की प्रतिस्पर्धीही तितकाच बळकट मिळतो. म्हणजे कोणत्याही पातळीवर निम्म्याच्या आसपास डाव हरणे अटळच! मग त्या पराभवांचे करायचे काय, हाच खरा प्रश्न उरतो.

तो ते संगणकाच्या हवाली करतो. कोणती चाल चुकली हे यंत्र क्षणात सांगते. ती का सुचली, कोणत्या घाईपायी, कोणत्या मोहापायी, हे यंत्राला ठाऊक नसते. ते स्वतःलाच शोधावे लागते. गुकेशचे गुरू विष्णू प्रसन्ना यांनी त्याला घडणीच्या वर्षांत संगणकी विश्लेषणापासून जाणीवपूर्वक दूर ठेवले होते. सिंगापूरच्या चौदाव्या डावात बरोबरीकडे झुकलेल्या स्थितीतही गुकेश चिकाटीने खेळत राहिला. पंचावन्नाव्या चालीला डिंग लिरेनने हत्ती चुकीच्या घरात नेला आणि जगज्जेतेपदाचा निकाल लागला.

याहून गंभीर गोष्ट चारित्र्याची आहे. समोरचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे हरत असताना मुद्दाम घड्याळ चालू ठेवून निघून जाणारे असतात; चालू डावातच यंत्राला चाल विचारणारेही असतात. समोरासमोर बसल्यावर हात पुढे करून हार मान्य करणारा सभ्य माणूस एकांतात असा का वागतो? पाहणारे कोणी नसते तेव्हाच माणसाची परीक्षा असते. आणि घरातील मुले पाहतच असतात.

उपाय अवघड नाही. रोज वीस डावांऐवजी एकच खेळावा. तोही पंधरा मिनिटांचा आणि प्रत्येक चालीला काही सेकंद वाढवून मिळणारा. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी लाकडी पटावर मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून पुन्हा मांडावा. चूक आधी स्वतः शोधावी, यंत्राला मागाहून विचारावे. ‘इथे मी चुकलो’ असे वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या मुलाला पराभव पचवायला वेगळे शिकवावे लागत नाही.