नाव दुरुस्त करणारे तुम्ही कोण?

परवा मोमिनपुऱ्यात एका सायबर कॅफेत माझ्या वर्गातल्या मुलाचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरत होतो. वडिलांचं नाव अब्दुल रहमान. नावाच्या चौकटीत दोन्ही शब्द लिहिले, तर फॉर्म म्हणतो स्पेस चालणार नाही. आडनाव रिकामं ठेवलं, तर म्हणतो आडनाव अनिवार्य. कॅफेवाल्यानं 'अब्दुल' हे नाव आणि 'रहमान' हे आडनाव करून टाकलं. "सर, आपल्या सगळ्यांचं असंच भरतो."

अब्दुल म्हणजे 'अमक्याचा बंदा'. त्या अमक्याचं नाव पुढे आहे, रहमान. मधून तोडलं की उरतो नुसता बंदा, कुणाचा ते माहीत नाही. आधारची नोंदणी करताना पूर्ण नावासाठी एकच चौकट असते. मग इथंच तीन कशाला?

माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. त्याला फोन केला, तर म्हणाला, "मामू, सुरक्षेसाठी इनपुट गाळावंच लागतं. नाहीतर कुणी नावाच्या जागी कोड घुसवेल." धोका खरा आहे. पण त्यावरचा इलाज नावाची मोडतोड नव्हे. डेटाबेसला आज्ञा वेगळी आणि माहिती वेगळी पाठवायची, पानावर दाखवताना खास चिन्हं निष्प्रभ करायची. हे त्यानंच मला समजावलं, थोडं चाचरत. पीएचपीत 'फिल्टर सॅनिटाइझ स्ट्रिंग' नावाची एक चाळणी होती. ती डि'सूझामधल्या अवतरणचिन्हाच्या जागी &#39; लिहून ठेवायची. 2021 साली आलेल्या 8.1 आवृत्तीत तिला निरोपाची नोटीस मिळाली.

हा फक्त आपल्या नावांचा प्रश्न आहे असं समजणाऱ्या मित्रांनी पुढचं वाचावं. युनिकोडच्या हिशेबात आपली काना-मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, 'चिन्हं' आहेत. 'अक्षरांशिवाय बाकी सगळं काढा' असा नियम कुणी बेफिकिरीनं लिहिला, तर शेखचा शख होतो, पाटलांचं पटल होतं आणि कुलकर्णींचं कलकरण!

गाळूच नका असं मी म्हणत नाही. शेवटी चुकून पडलेली स्पेस जरूर काढा. नुक्त्याचा 'ज़' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो, डोळ्यांना तोच दिसतो पण मशीन जुळवत नाही. तिथं एकच रूप ठरवणं गरजेचंच आहे. पण नाव बदलणार असाल तर भरणाऱ्याला आधी दाखवा, विचारा. इंग्रजीत टाइप केलेल्या नावाचं मराठी मशीन करतं आणि शेखचा 'शैख' होऊन छापून येतो, तेव्हा विचारतं कोण?

त्या मुलाचा अर्ज परत आलाय. शेरा: वडिलांचं नाव आधारशी जुळत नाही. वडील हातगाडी लावतात. सोमवारी ती बंद ठेवून ते माझ्याबरोबर दुरुस्तीच्या अर्जासाठी येणार आहेत.