दहानंतरची गाडी

परवा शुक्रवारी रात्री पावणेबाराला चुलत बहिणीचा फोन आला. इतक्या रात्री घरच्यांचा फोन म्हणजे आधी पोटात गोळा येतो आणि मग हात फोनकडे जातो. "दादा, घाबरू नको, सगळे बरे आहेत. नुसतं डोकं फिरलंय माझं. ऐकायला कुणीतरी पायजे."

ही आमची वकीलबाई. मूळ गाव तामसा, तालुका हदगाव, जिल्हा नांदेड. (मुंबईत कुणी विचारलं तर ती नुसतं "नांदेड" म्हणते. हदगाव म्हटलं की समोरचा "जळगाव का?" असं विचारतो.) वकिली नांदेडला शिकली आणि आता मुंबईत फोर्टात एका मोठ्या लॉ फर्ममध्ये असोसिएट आहे. राहते मुलुंडला. रात्री दहानंतर काम संपलं तर घरी जायच्या टॅक्सीचे पैसे फर्म देते. हे ऐकल्यावर आमच्या अख्ख्या खानदानात तिचा भाव वाढला होता.

झालं असं की महिन्यापूर्वी एका अर्जाच्या घाईत रात्रीचा सव्वा वाजला. सकाळी दाखल करायचाच होता. तिच्यासोबत एक स्टेनोबाई थांबल्या होत्या. मजकूर ही सांगणार, त्या टाइप करणार, मग पानांना आकडे, अनुक्रमणिका, परिशिष्टं, प्रती. म्हणजे जी कामं झाल्याशिवाय कितीही हुशार युक्तिवाद असला तरी कोर्टाच्या खिडकीतून परत येतो, ती सगळी कामं. बाई डोंबिवलीच्या. शेवटची लोकल केव्हाच गेलेली. बहिणीने त्यांना आपल्याच टॅक्सीत बसवलं, आधी डोंबिवलीला सोडलं आणि उलटी मुलुंडला आली. अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा तीन वाजत आले होते.

आणि त्या शुक्रवारी हिशेब विभागाची मेल आली. डोंबिवलीपर्यंतचे जास्तीचे पैसे तिच्या बिलातून कापले. कारण दोन ओळींत: मंजूर मार्गाबाहेरचा थांबा. सहप्रवासी पात्र नाही.

पात्र नाही!

पैसे आठशेच्या आसपास असतील. तेवढ्यासाठी तिचं डोकं फिरलेलं नाही, माझंही नाही. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे कुठलीही पॉलिसी वाचली की मला तिच्यातली अट दिसते. इथे ती अशी आहे: जर वेळ दहाच्या पुढे असेल, आणि हुद्दा असोसिएट किंवा वरचा असेल, तर टॅक्सी मंजूर. आता मला सांगा, ही दुसरी अट तिथे काय करतेय? रात्री सव्वा वाजता रस्ता निर्मनुष्य असतो, लोकल बंद असते. यातलं काहीही माणसाचं व्हिजिटिंग कार्ड बघून बदलत नाही. उलट ज्याचा पगार कमी तो राहतो लांब. पहिली अट कामाची आहे. दुसऱ्या अटीत नुसता मान आहे, आणि तो मान घरी पोचायच्या सोयीत मिसळून ठेवलाय.

या गल्लतीला मीही फसलेलो आहे. हिंजवडीत नोकरीला लागलो तेव्हा पहिल्यांदा कंपनीच्या गाडीने घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी गावाकडे फोन करून आईला सांगितलं, ऑफिसची गाडी दारापर्यंत सोडते म्हणून. आईला वाटलं पोरगा साहेब झाला. खरा प्रकार एवढाच होता की पोराला रात्री अकरापर्यंत बसवून घेतलं होतं आणि बस बंद झाल्या होत्या. कंपनीने माझी संध्याकाळ घेतली आणि बदल्यात मला माझ्याच खोलीवर पोचवलं. याला सुविधा म्हणायची आपली तयारी आहे, यातच सगळं आलं.

आता जरा हदगावला चला. माझे बाबा तिथे एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट होते. उद्या तारीख असली की कैफियत, मनाई हुकमाचा अर्ज, शपथपत्र असं काहीतरी रात्रीच निघायचं. मराठी टाइपरायटर, मध्ये कार्बन, तीन प्रती. चूक झाली की तिन्ही प्रतींवर खाडाखोड. पक्षकार आपला बाहेर बाकावर बसलेला, आणि दारात त्याची जीप. काम संपलं की ती जीप साहेबांना त्यांच्या घरी सोडायची, तेही चार गल्ल्या पलीकडे. मग ज्युनिअर वकिलाला त्याच्या गावी. बाबांना तामशाची शेवटची एसटी गाठायची असायची. ती चुकली की मग वकीलसाहेबांच्या ऑफिसातल्या बाकावर, उशाला कुणाच्या तरी जमिनीच्या वादाची फाईल.

एकदा ऐन थंडीत ते उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आले. पहाटेचे तीन वाजलेले. हातावर पाचटाचे बारीक बारीक ओरखडे. आई काही बोलली नाही, पाणी तापवलं. सकाळी सातच्या गाडीने बाबा परत हदगावला, कारण अर्ज टाइप करणारा माणूस तारखेला हजर लागतोच.

वकीलसाहेब वाईट होते का? अजिबात नाही. माझी बारावीची फी एकदा त्यांनीच भरली होती. त्यांनी "टायपिस्टला जीप द्यायची नाही" असं कधी ठरवलंही नसेल. तो विषयच कुणाच्या डोक्यात आला नाही. फोर्टातल्या फर्मने तेच बसून, विचार करून, लिहून काढलं आणि त्याला पॉलिसी असं नाव दिलं, एवढाच काय तो तीस वर्षांतला फरक.

आणि पैसे कोण देतं म्हणाल तर हदगावला आणि मोठ्या शहरात उत्तर एकच आहे: पक्षकार. न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्मांत ठरलेल्या वेळेनंतर रात्रीचं जेवण आणि घरी जायची गाडी मिळते, आणि तो खर्च बऱ्याचदा सरळ अशिलाच्या बिलात जातो. हदगावचा पक्षकार तेच डिझेलच्या रूपात द्यायचा. म्हणजे "फर्मला परवडत नाही" हे कारण मला सांगू नका. ज्या अर्जाची फी लाखांत आहे त्याच्या कागदाचा, झेरॉक्सचा, कुरिअरचा खर्च नीट मांडला जातो. तो कागद टाइप करणारी बाई घरी कशी गेली, हा खर्च तेवढा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

बाहेरच्या देशांचं कौतुक मला फारसं नाही, पण दोन नियम बघण्यासारखे आहेत. ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्याला नेहमीपेक्षा उशिरा, रात्री नऊ किंवा त्यापुढे थांबावं लागलं, हे रोजचं नसेल आणि दुसरं वाहन मिळणं कठीण असेल, तर मालकाने दिलेल्या टॅक्सीवर कर लागत नाही. वर्षाला जास्तीत जास्त ६० वेळा. म्हणजे तिथलं कर खातंसुद्धा घड्याळ बघतं आणि वर मोजूनही ठेवतं. अमेरिकेतला नियम तर आणखी गंमतशीर. एरवी चालत किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्या माणसाला रस्ता असुरक्षित म्हणून मालकाने गाडी दिली, तर करासाठी त्या एका फेरीची किंमत फक्त दीड डॉलर धरतात. आणि ही सवलत कुणाला? तासावर पगार घेणाऱ्यांना, तोही एका मर्यादेच्या आतला. बड्या पगारवाल्यांना नाहीच. म्हणजे आमच्या स्टेनोबाई तिथे बसतील आणि माझी बहीण बाहेर राहील. फोर्टातल्या पॉलिसीच्या बरोब्बर उलट!

"आपल्याकडे कायदा नाही ना" असंही कुणी म्हणू नये. २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, कलम १३: रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामाला ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंत वाहन हवं. या कलमात हुद्दा हा शब्द नाही. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा तर मालकाने दिलेल्या वाहनालाही कामाचीच जागा मानतो. गाडीत बसलात म्हणजे अजून ऑफिसातच आहात.

पण गंमत पुढेच आहे. २०१७ च्या कायद्यात आस्थापनेची जी व्याख्या आहे तिच्यात डॉक्टर, आर्किटेक्ट, इंजिनिअर, अकाउंटंट, कर सल्लागार यांची नावं घेतलेली आहेत. 'प्रोफेशन' असा सर्वसाधारण शब्दही आहे. वकिलाचं नाव मात्र घेतलेलं नाही. १९८४ मध्ये केरळच्या कायद्याबाबत सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की वकिलांची फर्म ही व्यापारी आस्थापना नव्हे. तेव्हा कलम १३ लॉ फर्मला लागू होतं की नाही, यावर दोन वकील दोन तास भांडू शकतात आणि दोघंही फी लावतील. आमच्या आयटी कंपन्यांच्या गाड्यांचे नियम, करार, जबाबदारीची कलमं हे सगळं ज्यांनी रात्री जागून लिहून दिलं, त्यांच्याच ऑफिसात जाब विचारायचा तर आधी 'आस्थापना' या शब्दाचा कीस पाडावा लागतो. चांभाराच्या पायात जोडा नसतो म्हणतात, तसं. फक्त इथे चांभाराच्या पायात आहे, त्याच्या कारागिराच्या पायात नाही.

गाडीबद्दल भाबडं बोलायचीही माझी इच्छा नाही. पुण्यात राहणारा कुणी ते बोलू शकणार नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका २२ वर्षांच्या बीपीओ कर्मचारी मुलीवर तिला न्यायला आलेल्या कंपनीच्याच गाडीच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार केला आणि गहुंजेजवळ तिचा खून केला. दोघांना २०१२ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, आणि २०१९ मध्ये अंमलबजावणीला उशीर झाला म्हणून मुंबई हायकोर्टाने ती ३५ वर्षांच्या कैदेत बदलली. २००९ मध्ये खराडीला घरी जायच्या वाहनाची वाट बघत उभ्या असलेल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअर बाईंना लिफ्टच्या बहाण्याने नेऊन मारलं. एकीकडे गाडी होती आणि तीच काळ झाली. दुसरीकडे भरवशाची गाडी समोर नव्हती. त्यानंतर आमच्याकडे गाड्यांमध्ये गार्ड आले, बाई शेवटी एकटी उतरणार नाही असा मार्ग आखायची पद्धत आली, ड्रायव्हरची कागदपत्रं तपासणं आलं. हे कुणाला आपोआप सुचलं नाही, त्याची किंमत मोजली गेलीय. म्हणूनच "घे की एखादी रिक्षा करून" हे वाक्य मला ऐकवत नाही. माझ्या बहिणीने स्टेनोबाईंना एकट्याने पाठवलं नाही, आधी स्वतः डोंबिवलीपर्यंत गेली. सुरक्षेच्या कुठल्याही नियमात बसेल असंच ती वागली, आणि तेवढ्याचेच पैसे कापले गेले.

बरं, या गाडीची दुसरी बाजू तिनेच सांगितली. "दादा, कधी कधी माझं काम सव्वानऊला संपतं. पण तेव्हा निघालं तर आपल्या पैशाने, गर्दीत लटकत. मग मी दहापर्यंत बसते." आणि त्या पाऊण तासात कुणीतरी पार्टनर समोरून जातो, ही दिसते, आणि टेबलावर आणखी एक फाईल येते. तुम्ही मर्यादा ठेवा, लोक मर्यादेवर जाऊन उभे राहतात. हे आमच्या धंद्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे ही गाडी उशिराची भरपाई आहे की उशिराचं आमिष, हा प्रश्न मला खरंच पडतो. दोन्ही असावी.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हुद्द्याची अट काढा. ज्याला थांबायला सांगितलं तो, बाई असो की पुरुष, स्टेनो असो, शिपाई असो की चहा देणारा पोरगा, फर्मच्या खर्चाने घरी. (कायद्याने पुरुषाला गाडी दिलेली नाही, माहीत आहे. उसाच्या ट्रॅक्टरनेही बाबांना कायदा विचारून बसवलं नव्हतं.) आणि बिलावर गाडीत बसणाऱ्याच्या नावाबरोबर थांबवणाऱ्याचं नाव लिहा. रात्री एक वाजताच्या प्रत्येक टॅक्सीसमोर कुठल्या पार्टनरमुळे ती लागली हे महिनाअखेरीला दिसू द्या. पैज लावतो, अर्धे "अर्जंट" अर्ज दुपारी तीनला तयार व्हायला लागतील.

खर्च वाढेल? वाढू दे. नसेल वाढवायचा तर माणसं सातला सोडा. तोही एक मार्ग आहेच, आणि तो फुकट आहे.

"स्टेनोला नोकरी घेतानाच माहीत होतं" हा युक्तिवाद आमच्या एका मित्राने केला. तो स्वतः कंपनीच्या गाडीतून उतरत होता. असो.

रविवारी गावाकडे फोन केला तेव्हा बाबांना हा सगळा किस्सा सांगितला. असोसिएट, पॉलिसी, मंजूर मार्ग, सगळं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कामून, टॅक्सीत जागा नव्हती का?"

जागा होती, बाबा. तीन सीटा रिकाम्या होत्या.

बहिणीने काल पुन्हा रात्री बाराचं बिल टाकलंय. थांबे दोन: डोंबिवली, मुलुंड. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, "सोबत काम केलं म्हणून". अजून उत्तर आलेलं नाही.