सोसू नका, सांगा!

मंडळी, आपल्याकडे नवी चप्पल चावली की घरातल्या प्रत्येकाचा सल्ला ठरलेला असतो, "घाल चार दिवस, होईल सैल." कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत तो खराही आहे. तेल लावावं, रोज थोडी थोडी घालावी; कातडं हळूहळू नमतं आणि महिन्याभरात ती चप्पल आपल्या पायाची होऊन जाते. पण आपण तिथेच थांबत नाही. शाळा, नोकरी, सासर... सगळीकडे हाच सल्ला! "सोस थोडं, होईल सवय." माझं म्हणणं इतकंच की, सोसायला सांगण्याआधी वस्तू कातड्याची आहे की प्लास्टिकची, एवढं तरी बघावं.

हे सुचलं स्कीच्या बुटांवरून. बाईंचा आणि स्कीचा काय संबंध, असं माझे जुने विद्यार्थी विचारतील. संबंध एवढाच की मुलगी डेनव्हरला असते आणि नऊ वर्षांचा नातू स्की शिकतोय. ही मंडळी डोंगरावर गेली की मी खालच्या उपाहारगृहात काचेपाशी कॉफी घेऊन बसते. तिथे एक गोष्ट दर वेळी दिसते. माणसं लंगडत आत येतात, धपकन बसतात, बुटांची बकलं खटाखट उघडतात आणि असा काही सुस्कारा सोडतात की विचारू नका! हौसेने पैसे मोजून केलेली ही शिक्षाच की.

आमच्या नातवालाही ती भोगावी लागली. भाड्याने बूट देणाऱ्या एका ठिकाणी "वाढतं पाऊल आहे" म्हणून त्याला चांगले दोन मापं मोठे बूट दिले. वाढत्या अंगाचे कपडे आपल्याला नवे नाहीत. जूनमध्ये माझ्या वर्गात निम्मी मुलं बाह्या दुमडून यायची. पण शर्ट सैल असला तर शर्टच लोंबतो, स्कीचा बूट सैल असला तर पाय आत हिंडतो. मग तो हिंडू नये म्हणून बकलं करकचून आवळायची. बोटं पुढे आपटतात, पावलाची वरची बाजू चेपते आणि टाच तरी वर उचलतेच. म्हणजे बूट मोठा आणि तरी घट्ट! दुपारी पोराने मोजे काढले तेव्हा दोन्ही अंगठ्यांच्या नखांखाली रक्त साकळलं होतं. विचारलं तर म्हणाला, "तसं काही दुखत नाही, आजी." रात्री मात्र आईला म्हणाला, मला स्की नको, मी पुन्हा येणार नाही.

मंडळी, मला नखांपेक्षा ते "काही दुखत नाही" जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात मुलगी त्याला गावातल्या दुकानात घेऊन गेली, मीही गेले. तिथल्या माणसाने पाय मोजला. या बुटांचं माप सोपं असतं, पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये. पाऊल साडेएकवीस सेंटीमीटर, तर बूट २१.५. शिवाय चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये पाहतात. मोठ्यांच्या बुटांत साधारण ९८ म्हणजे अरुंद, १०० मध्यम आणि १०२ च्या पुढे रुंद. मग त्याने आतला मऊ लायनर काढला आणि पाय नुसत्या कवचात ठेवायला लावला. बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे एक ते दोन बोटं जागा राहिली तर माप बरोबर. लायनरसकट बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे हलकेच टेकावीत, आणि गुडघे वाकवले की टाच मागे बसून बोटं मोकळी व्हावीत. एकच पातळ मोजा, दोन नाहीत. आणि आतल्या विजारीचं टोक बुटात खोचायचं नाही, नाहीतर नडगीवर वळ उठतात.

लहान बूट पाहून पोराचा चेहरा पडला, हा तर अजून दुखणार! घातला, आणि दुखलं नाही. पाय आत हलतच नव्हता, म्हणून बकलं आवळावी लागली नाहीत. वाढत्या पावलाचं काय, तर तिथे हंगामभरासाठी भाड्याने बूट मिळतात, पाय वाढला की बदलून देतात.

पूर्वी हे बूटही कातड्याचे, नाडीचे असत. १९६० च्या दशकात बॉब लँग या अमेरिकन माणसाने प्लास्टिकचे बूट बाजारात आणले आणि खेळ बदलला. पायाची हालचाल थेट स्कीच्या कडेपर्यंत पोचावी म्हणून कवच टणक हवं. ते तुमच्या सोसण्याने रेसभरही सैल होत नाही. आतला लायनर काही दिवसांत थोडा दबतो, तेवढंच. पण टोचणाऱ्या जागी कवच तापवून बाहेर फुगवता येतं, आतून घासून पातळ करता येतं. त्यासाठी कारागिराला कळायला हवं की दुखतंय कुठे आणि कसं.

आणि इथे आपली मराठी किती कामाची आहे बघा! *घासतंय* म्हणजे टाच उचलतेय, बूट मोठा आहे किंवा मोजा दुमडलाय. *टोचतंय* म्हणजे घोट्याच्या हाडापाशी किंवा करंगळीच्या मुळाशी एकाच जागी दाब आहे, तिथे कवच फुगवावं. *मुंग्या येतायत* म्हणजे वरचं बकल फार आवळलंय. *बधिर झालंय* म्हणजे ताबडतोब बूट काढा, थंडीत ते धोक्याचं. आणि सगळीकडून सारखं *आवळतंय*, पण बोटं हलतायत, तर नव्या बुटात तेवढं चालायचंच. इतके शब्द असूनही आपण मुलांना एकच शिकवतो, "काही नाही".

कुणी म्हणेल, बाई, पोरं अशाने नाजूक होतील. मला तसं वाटत नाही. थंडी सोसावी, पडून पुन्हा उठणं सोसावं, शंभरदा चुकणं सोसावं. त्या सोसण्यातून माणूस काहीतरी शिकतो. चुकीच्या मापाचा बूट सोसून फक्त बूट नकोसा होतो, आणि त्याबरोबर डोंगरही. चौतीस वर्षांच्या नोकरीत गणित आवडत नाही म्हणणारी कितीतरी मुलं पाहिली. त्यातल्या बऱ्याच जणांना गणित नव्हे, कुणीतरी दिलेलं चुकीचं माप चावत होतं, असं मला आता वाटतं.

असो. आपल्यापैकी बरेच जण गुलमर्गला, सोलंगला जातात आणि तासाभराच्या स्कीसाठी मिळेल तो बूट पायात चढवतात. लाजू नका, दुसरा जोड मागा. मधुमेही मंडळींनी तर जास्तच जपावं. आधीच बधिर असलेला पाय दुखलं तरी सांगत नाही. बूट काढल्यावर पाय नीट डोळ्यांनी बघा, बोटांच्या बेचक्यांसकट.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. खरंच आहे. पण दुसऱ्याला कळायला त्याने बोलायला हवं, आणि बोललं तर कुणी रागावणार नाही याची त्याला खात्री हवी. ती खात्री देणं आपल्या वयाच्या माणसांचं काम. घरातलं पोर "काही नाही" म्हणालं की पुढचा प्रश्न विचारा : कुठे? कसं? कधीपासून?

तुमच्याकडे काय अनुभव? जरूर लिहा.