सहा प्रश्न

सप्तव्यसनांच्या त्यागाचा पाठ पाठशाळेत मुलांना लहानपणीच मुखोद्गत होतो. मद्य त्यात येतेच. त्यामुळे आपल्या घरातील मूल या वाटेला जाणार नाही, असे गृहीत धरण्याची सवय कुटुंबांना जडते आणि त्याविषयी मुलाला कधी कोणी विचारीतच नाही. मुलगा शिक्षणासाठी परगावी वसतिगृहात गेला, की देवदर्शनाची आणि रात्रिभोजनत्यागाची चौकशी दूरध्वनीवरून होते. हा विषय मात्र अमंगळ म्हणून टाळला जातो.

बोस्टन येथील डॉ. जॉन नाईट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली किशोरवयीनांसाठी ‘क्राफ्ट’ नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात अवघे सहा प्रश्न आहेत. मन हलके व्हावे किंवा मित्रांत सामावून जावे म्हणून घेतोस का, एकटा असताना घेतोस का, त्या भरात केलेले विसरलास का, घरच्यांनी वा मित्रांनी कमी करण्यास सांगितले का, त्यापायी अडचणीत सापडलास का, हे त्यातील पाच. दोन किंवा अधिक उत्तरे ‘होय’ आली, तर जाणकाराकडून सविस्तर तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. ते रोगनिदान नव्हे. गोदामातील माल मोजला म्हणजे मुनिमावर चोरीचा आळ घेतला, असे कोणी मानीत नाही.

उरलेला प्रश्न क्रमाने पहिला आहे. नशा केलेल्या माणसाने चालविलेल्या मोटारीत कधी बसलास का? तो कधीही न पिणाऱ्या मुलालाही विचारतात. येथे झडती मुलाची न राहता, लग्नघरातून रात्री त्याला घरी आणणाऱ्या काका-मामांची होऊ लागते.

खरे उत्तर हवे असेल, तर सांगितलेले बाहेर फुटता कामा नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली शाळांतून अशी तोंडी विचारपूस करण्याचा कायदा केला, तेव्हा विद्यार्थ्याची ओळख पटेल अशी नोंद ठेवण्यास मनाई केली आणि पालकांना नकाराची मुभाही दिली. ‘भगवती आराधना’ ग्रंथात आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांचा एक गुण ‘अपरिस्रावी’ असा सांगितला आहे. ऐकलेला दोष ज्यांच्याकडून पाझरत नाही, असे ते. शाळेच्या कार्यालयात हा गुण सहज आढळेल काय? नाव कळताच दाखला हाती देणाऱ्या शाळेत सहाही उत्तरे ‘नाही’ अशीच येतील आणि तो कागद पाहून सर्वजण निश्चिंत होतील. वडिलांनी पेढीवर बोलावून विचारले, तरी याहून वेगळे घडणार नाही.

समाजाच्या वसतिगृहांत आरोग्य तपासणीच्या दिवशी वजन, दात, डोळे पाहिले जातात. त्याच दिवशी डॉक्टरांनी प्रत्येक मुलाशी दहा मिनिटे एकांतात बोलावे. अधीक्षकांनी दाराबाहेर थांबावे. जिवाला धोका दिसला, तेवढाच गुप्ततेला अपवाद, हे मुलाला आधीच सांगावे. पुढे कोणत्या समुपदेशकाकडे पाठवायचे, हेही अगोदर ठरलेले असावे. त्यांचे शुल्क वसतिगृहाच्या निधीतून जावे. बिल घरी गेले, की गोष्टही घरी गेली.