एकाच खुर्चीचा स्पीकर

आमच्या घरी टीव्हीचा आवाज ४२ वर असतो. हा आकडा बाबांचा. आईचा आकडा १८. माझा आकडाच नाही, कारण चकाल्याहून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून लोकलने मुलुंड करत मी साडेआठला घरात पाऊल टाकते तेव्हा मला फक्त शांतता हवी असते. ४२ वर मालिकेतली सासू जे बोलते ते खालच्या मजल्यावरच्या काकूंना शब्दन् शब्द कळतं, बाबांना मात्र कळत नाही. "ऐकू येतंय गं, पण काय बोलतायत ते समजत नाही," असं ते म्हणतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर यंदाच्या बोनसमधून मी स्पीकर घ्यायचं ठरवलं. साउंडबार नव्हे, ब्लूटूथचा डबाही नव्हे. दोन खोकी, एक अ‍ॅम्प्लिफायर, व्यवस्थित स्टिरिओ. पहिल्या नोकरीपासूनचं स्वप्न. एका शोरूमवाल्याने उत्साहाने टॉवर स्पीकरची जोडी डेमोसाठी घरी पाठवली. कमरेएवढे उंच, काळे चकचकीत, एकेकात तीन-तीन ड्रायव्हर. (ड्रायव्हर म्हणजे तो हलणारा कोन आणि त्याच्यामागचं चुंबक.) आईने लगेच दोघांवर क्रोशाचे रुमाल टाकले. मी तबल्याची रेकॉर्डिंग लावली आणि बायाँ घुमला मात्र, शोकेसमधले काचेचे ग्लास नाचायला लागले. बेस सगळा डावीकडून, गोंगाट सगळा उजवीकडून. बाबा म्हणाले, "कार्ल्याच्या लेण्यात बसल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि दोन्ही टॉवर आल्या पावली परत गेले.

दोष त्यांचा नव्हता. लोचा आमच्या हॉलचा होता.

नवघर रोडवरचा आमचा वन बीएचके. हॉल १० फूट बाय १५ फूट. एका लांब बाजूला सरकत्या काचांची खिडकी, तिच्यासमोरच्या बाजूला अर्धीच भिंत. उरलेली अर्धी बाजू स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पॅसेजला मोकळी. टीव्हीच्या भिंतीला डावीकडे पक्का कोपरा आणि उजवीकडे घराचं मुख्य दार. म्हणजे डाव्या स्पीकरला दोन भिंतींचा कोपरा मिळतो, उजव्याला कुरियरवाला. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा बेस फुगतो, कारण खालचे सूर चहूकडे पसरायला बघतात आणि भिंती त्यांना पुन्हा खोलीत ढकलतात. एक फुगलेला आणि एक रोडावलेला, अशा जोडीतून स्टिरिओ कसला जमणार?

दुसरी गंमत उंचीची. रुंदी १० फूट, छत साडेनऊ फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठराविक सूर अडकून घुमतो. दहा फुटांच्या अंतरात तो साधारण ५६ हर्ट्झचा, साडेनऊ फुटांत ६० च्या आसपासचा. खोलीच्या मापांत चांगला फरक असेल तर हे घुमे विखुरतात. आमच्याकडे दोघे एकाच जागी बसलेत, विरार लोकलच्या चौथ्या सीटसारखे. उपनगरातल्या किती हॉलची मापं अशीच आहेत ते टेप घेऊन मोजून बघा. अशा खोलीत जितका जास्त बेस ओताल तितका चिखल.

मग कमी ओतणारा स्पीकर घेतला तर?

हे सुचलं माळ्यावरच्या रेडिओमुळे. आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा सेट, आता फक्त धूळ पकडतो. मागचा पुठ्ठा काढला तर आत एकुलता एक स्पीकर, कागदी कोनाचा. ना वूफर, ना ट्वीटर. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण दर आठवड्याला लागायचं तेव्हा माडगूळकरांचे शब्द आणि बाबूजींचा आवाज महाराष्ट्रभर असल्याच एकेका कोनातून पोचला. आमची आजी शेवटपर्यंत ५६ च्या ५६ गाणी पाठ म्हणायची. बाबा म्हणाले, "त्या रेडिओत प्रत्येक शब्द कळायचा." तेव्हा तुमचे कानही दहा वर्षांचे होते, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

पण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. नेहमीच्या स्पीकरमध्ये जाड सूर मोठ्या ड्रायव्हरकडे जातात आणि बारीक सूर छोट्याकडे. हे वाटप करणाऱ्या सर्किटला क्रॉसओव्हर म्हणतात. दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये ही वाटणी बहुधा २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास होते, आणि आपला कान नेमका त्याच भागात सगळ्यात तिखट असतो. सिंगल ड्रायव्हरमध्ये वाटणीच नाही. सगळं एका कोनातून, एका बिंदूतून येतं. या पंथाचे भक्त यावर अध्यात्माच्या सुरात बोलतात, तेवढं मनावर घेऊ नका. चांगला क्रॉसओव्हर कानाला जाणवतही नाही. माझ्या कामाचा फायदा वेगळाच होता. तीन ड्रायव्हरचा आवाज एकजीव व्हायला थोडं अंतर लागतं. एकाच ड्रायव्हरला ते लागत नाही, पाच-सहा फुटांवर बसून ऐकलं तरी चालतं. आणि जवळ बसलं की खोलीपेक्षा स्पीकर जास्त ऐकू येतो. वेड्यावाकड्या खोलीवर याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

आता निवड. या जगातलं मोठं घराणं म्हणजे इंग्लंडचं लोदर. पॉल व्हॉइटच्या १९३० च्या दशकातल्या कामातून आलेलं. मोठ्या कोनाच्या पोटात बारीक सुरांसाठी छोटा कोन, आणि मागे कपाटाएवढा हॉर्न. आपल्याकडे कोचीच्या जेकब जॉर्ज या आर्किटेक्टने २००० च्या सुमारास रेथम नावाने सिंगल ड्रायव्हर स्पीकर बनवायला घेतले, तेही आधी लोदरचेच ड्रायव्हर लावून. पुढे त्याने ड्रायव्हर स्वतःचा केला आणि खालच्या सुरांसाठी त्याच खोक्यात वेगळे, पॉवर लावलेले बेस ड्रायव्हर घातले. म्हणजे आयुष्य यात घालवलेल्या माणसालाही बेससाठी मदतनीस घ्यावासा वाटला, हे बघून मला फार धीर आला. पण किंमत आणि आकार दोन्ही आमच्या हॉलच्या औकातीबाहेर.

राहिले छोटे. जपानच्या फोस्टेक्सची एफई१०३ ही चार इंची जात १९६० च्या दशकापासून चालत आलीय. आवाज ८० हर्ट्झच्या आसपासच खाली घसरतो. एरवी ही उणीव, पण आमचे घुमे ५६ आणि ६० वर बसलेत. त्यांना उठवायला कोणी जातच नाही! शिवाय एका वॉटला एक मीटरवर ८९ डेसिबल. सहा फुटांवर बसून ऐकायला सरासरी पाव वॉटही लागत नाही, तबल्याच्या थापेला चार-पाच. दहा-पंधरा वॉटचा तळहाताएवढा अ‍ॅम्प पुरून उरतो.

ड्रायव्हर ऑनलाइन मागवले. वायर, टर्मिनल आणि थोड्या सुट्या पार्टसाठी मात्र शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते कुणी घेत नाही. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, वूफर का ट्वीटर का?" म्हटलं, दोन्ही एकच आहे. त्याने माझ्याकडे, आपल्या बायकोने सांगितलेलं सामान विसरून आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

खोकी आमच्या किचन ट्रॉली बसवणाऱ्या सुताराने केली, १८ मिमी प्लायची. एमडीएफ स्वस्त पडलं असतं, पण मुलुंडच्या जुलैत ते पावासारखं फुगतं. एकेक खोकं बुटांच्या खोक्याहून थोडंसंच मोठं. ड्रायव्हर कानाच्या उंचीला यायला हवा, म्हणून पहिले आठ दिवस एक स्पीकर माठाच्या तिवईवर आणि दुसरा बाथरूमच्या स्टुलावर उभा होता. आई पाहुण्यांना सांगायची, "ऑफिसचं काहीतरी आहे."

जागा ठरवायला एक अख्खा रविवार गेला. टीव्हीची भिंत सोडून दिली. स्पीकर खिडकीसमोर, लांब बाजूला, दोन्ही टोकांच्या भिंतींपासून साडेचार-साडेचार फुटांवर. आता दोघांचे शेजारी सारखे, कोपरा कुणालाच नाही. मागे जाड पडदा. पावसात त्या दोन काचा बंद ठेवायच्या, कागदी कोनावर झड नको. समोर सहा फुटांवर खुर्ची. खुर्चीच्या मागे अर्धी भिंत, अर्धा पॅसेज, ते आता फारसं बोचत नाही. भिंतीवर आजीची गोधडी टांगली. आईने त्याला 'एथनिक' म्हणायला परवानगी दिली.

आणि मी खुर्चीत बसले. काळी एकचा तानपुरा लावला. त्यातला खर्ज ६९ हर्ट्झचा, म्हणजे हा स्पीकर तो नीट देऊच शकत नाही. तरी तो ऐकू आला. जवारीतून निघणाऱ्या वरच्या स्वरांवरून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो, रेडिओवरही हेच व्हायचं. बायाँ मात्र सुकला. तुम्ही क्लबातलं संगीत ऐकणारे असाल तर या भानगडीत पडूच नका. पण गाणारा माणूस? तो सहा फुटांवर बसला होता, श्वास घेताना कळत होता.

मग मी उठून डायनिंग टेबलाकडे गेले आणि आवाजावर चादर पडली.

हा या स्पीकरचा स्वभाव. चार इंची कोनातून तीन-चार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो. झोतात बसाल तर लख्ख, बाजूला बसाल तर मंद. घरात माणसं तीन, चांगली खुर्ची एक. ती अर्थातच माझी, पैसे माझे. असं दोन दिवस होतं.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर बाबा त्या खुर्चीत. टीव्हीचा आवाज मी या स्पीकरला जोडलाच होता. सासू बोलत होती, आणि बाबा तिला उत्तर देत होते. म्हणजे शब्द कळत होते.

महिन्याभरापूर्वी त्यांच्या कानांची तपासणी केली होती. आलेख डावीकडे ठीक, उजवीकडे घसरगुंडी. वयाबरोबर आधी वरचे सूर जातात, आणि स, श, त, क यांची ओळख तिथेच पटते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. त्यामुळे आवाज वाढवून कानात जातो तो गोंगाट, शब्द नव्हे. डॉक्टरांनी कानाचं मशीन सुचवलं होतं. बाबांचं उत्तर, "एवढी वेळ आलेली नाही."

इकडे माझी वेगळीच तक्रार होती. अशा ड्रायव्हरचा आवाज समोरून ऐकला की वरच्या मधल्या पट्टीत जरा चढतो. हाय-फायवाले त्याला किंचाळणं म्हणतात. तासाभराने माझं डोकं दुखायचं. त्यावर इलाज आहे: कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टरचं छोटं सर्किट. पार्ट लॅमिंग्टन रोडहून आणलेलेच होते. रविवारी सकाळी जोडलं. काय गोड झाला आवाज! मखमल. मी खूश. संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले, पाच मिनिटांनी म्हणाले, "ही बाई पुन्हा पुटपुटायला लागली."

मी रात्री सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि सर्किट काढून टाकलं. ते आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, रबर बँड लावून. स्पीकर म्हणजे मशीन नव्हे हे मी बाबांना सांगितलंय, कारण फोनवर, भाजीवाल्याशी, लग्नाच्या हॉलमध्ये ही खुर्ची कामाची नाही. पुढच्या महिन्यात ट्रायलला यायचं त्यांनी कबूल केलंय. "बघायला काय हरकत आहे," एवढंच.

मी सध्या डायनिंग टेबलाशी, चादरीखालचा आवाज ऐकत जेवते. परवा नाट्यसंगीत लागलं होतं. बाबांनी खुर्चीतून न वळताच हात वर केला.

"जरा कमी कर गं. शेजारी काय म्हणतील?"