पावसाचे दप्तर

मेघालयात चेरापुंजीजवळ मॉमलूह नावाची चुनखडीची गुहा आहे. पावसाचे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते व चुनखडी विरघळवून गुहा कोरते. पुढे छतातून ठिबकणारा थेंब कणभर चुनखडी खाली ठेवतो. थरावर थर साचून लवणस्तंभ उभा राहतो. येथील एका स्तंभाच्या थरांत सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस क्षीण झाल्याचा पुरावा मिळाला. त्याच्या आधारे तेव्हापासून आजवरच्या कालखंडास २०१८ साली 'मेघालयन' हे नाव देण्यात आले.

गुहा पाहावयास गेलेले काही लोक आठवण म्हणून अशा स्तंभांचे तुकडे मोडून नेतात. शास्त्रज्ञही ते कापतात, मग आम्हीच काय वाईट केले, असे ते विचारतील. शास्त्रज्ञाने अभ्यासलेला तुकडा साऱ्या जगास ज्ञान देतो. हौशी प्रवाशाचा तुकडा फडताळात धूळ खातो. मोडलेल्या जागी नवा स्तंभ कदाचित वाढेलही. पण त्यात यापुढच्या पावसाची नोंद होईल, गेलेल्या पावसाची नव्हे. दप्तरातील जुना कागद फाडला, तर तो पुन्हा कोण लिहिणार? मुलांनो, गुहेत जाल तेव्हा डोळे भरून पाहा. हात मात्र आवरा.